लांबटांग्यांचा बंदोबस्त

४ जानेवारी, शनिवार

खताच्या दुकानाने दिलेली नवी डायरी आजपासून. रस्त्याच्या कामावर होतो तेव्हा रोजची नोंद ठेवावी लागे. निवृत्त झालो तरी हात ऐकत नाही. आमच्याकडे मुकादमाला कपातास म्हणतात, आणि गावात मी अजून कपातासच आहे; घरात तातांग, म्हणजे वडील.

माझा मुलगा एल्मर आणि त्याची बायको नोएमी इथे राहायला आल्याला महिना होत आला. तिला सहावा लागलाय. ला त्रिनिदादच्या भाड्याच्या खोलीत पाणी खालून वर न्यावं लागायचं, म्हणून मीच म्हटलं, एवढं घर रिकामं पडलंय, या. आमचं चांगलं पटतं. ती फारशी बोलत नाही आणि मी बोलतो, त्यामुळे कुठे अडत नाही.

आज जेवताना एल्मर भाताकडे बघत म्हणाला, "तातांग, नोएमीला ओसरीवरच्या त्या लांबटांग्यांची भीती वाटते."

"कसली भीती?"

"वाटते. झोप लागत नाही तिला. वळणावरचं कोस्मेचं घर रिकामं आहे. थोडे दिवस तिकडे राहावं म्हणतोय."

नोएमी ताटातली घेवड्याची शेंग इकडून तिकडे सरकवत होती.

लांबटांगे माझ्या वडिलांच्या वेळेपासून या घरात आहेत. वाटाण्याएवढं अंग आणि केसासारखे लांबलचक आठ पाय. परगावचे लोक त्यांना कोळी समजतात, पण ते जाळं विणत नाहीत आणि चावतही नाहीत. दिवसा शेकड्यांनी पायात पाय अडकवून छपराखाली बसतात. लांबून पाहिलं तर छपराला दाढी फुटलीय असं वाटतं. फुंकर मारली की सगळी दाढी एकदम वरखाली नाचते. यात घाबरण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. पण पोटुशी बाई, तिला काहीही वाटू शकतं. माझी लुसिया एल्मरच्या वेळी साबणाचा वास आला की घराबाहेर पळायची.

मी म्हणालो, "किडा हलवता येतो. त्यासाठी माणसं कशाला हलवायची?"

एल्मरने आणखी भात वाढून घेतला. विषय मिटला.

७ जानेवारी

खराट्याला बांबू बांधून ओसरी झाडली. ढिगाने खाली पडले आणि पळाले. पळताना काहींचे पाय तुटून मागे राहिले, ते फरशीवर बराच वेळ नाचत होते. नोएमीने पाहू नये म्हणून घाईने गोळा केले. ती खिडकीतून बघतच होती. तिचा चेहरा घाबरल्यासारखा नव्हता, वाईट वाटल्यासारखा होता. भीतीचेही प्रकार असतात.

८ जानेवारी

सगळे परत जागेवर.

११ जानेवारी

पाइनच्या ओल्या फांद्यांचा धूर केला. लांबटांगे ओसरीवरून उठले आणि घरात आले. नोएमीचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. ती नको नको म्हणत असताना मीच धुतले आणि नीट पिळायचे कसे तेही दाखवलं. घेवडा ती तिरका चिरते. सरळ चिरला की सारखा शिजतो, हेही दाखवलं. याआधीही दाखवलं होतं.

१५ जानेवारी

मनांग सबिना सकाळी आली. माझी थोरली बहीण, पलीकडच्या टेकाडावर एकटी राहते. मी कोबीवर मारायचं औषध पंपात भरत होतो.

"काय करतोस?"

"लांबटांग्यांचा बंदोबस्त."

"घरात पोटुशी आहे आणि तू विष फवारणार? रिकामा कर तो पंप."

रिकामा केला. मग तिला सगळं सांगितलं. ती ओसरीवर बसून छपराकडे बघत राहिली.

"ही पोर बाकुनची ना?"

"हो."

"तिच्या आईच्या चुलीपाशी बसलेय मी. तिथे लांबटांगे मिठाच्या बरणीवर ठाण मांडून असतात. ही त्यांना हाताने बाजूला करून मीठ घ्यायची."

मनांगने सत्तरी ओलांडली आहे. कुठलं घर कुणाचं, यात तिचा घोळ होतो.

२३ जानेवारी

कोंबड्यांना ओसरीवर सोडलं. एकीने एक लांबटांग्या उचलला, थुंकून टाकला आणि चोच जमिनीला पुसत राहिली. त्याच्या अंगाला कडवट वास असतो. कोंबड्यांनी बाकी सगळीकडे घाण करून ठेवली.

आता ठरवलंय की मारायचं नाही, फक्त वाट बुजवायची. दरडीच्या बाबतीत आम्ही तेच करायचो. दरडीशी भांडायचं नाही, पाणी कुठून येतं ते बघायचं. हे लोक फळ्यांच्या फटींतून आत-बाहेर करतात.

२९ जानेवारी

फटींत चिंध्या ठोकून वरून डांबर लावतोय. ओसरी आणि स्वयंपाकघर झालं. लांबटांगे अंधारात हिंडून उजाडताना परततात, म्हणून पहाटे बॅटरी घेऊन एल्मर-नोएमीच्या खोलीचे कोपरे तपासतो. ते झोपलेले असतात, त्यामुळे त्यांना त्रास होत नाही.

आज नोएमी जागी होती. उठून बसली आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून म्हणाली, "तातांग, काही हवंय का?"

मी म्हणालो, "काही नको. तू झोप."

मग रेडिओ लावला. पहाटे गिटारची गाणी लागतात. घर जागं असलेलं बरं.

३ फेब्रुवारी

त्यांच्या खोलीच्या दाराखाली बोटभर फट आहे. दार उतरवून अंगणात ठेवलं. खाली लाकडी पट्टी मारायची आहे, पण सुतार म्हणजे कोस्मेच, आणि तो बागिओला गेलाय.

५ फेब्रुवारी

नोएमीने दाराच्या जागी ब्लँकेट टांगलं होतं. घड्यांमध्ये लांबटांगे बसतात, म्हणून मी ते काढलं.

६ फेब्रुवारी

एल्मर भाजीचा ट्रक घेऊन रात्रभर बाहेर होता. आला तो न जेवता अंगणातल्या दारापाशी जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, कोस्मे आला की बसवतो. तो म्हणाला, "तातांग, मी आत्ता बसवतो." तसंच, पट्टीशिवाय बसवलं. काम अर्धवट राहिलं. मी तसं त्याला सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काम पूर्ण. दोघांना बोलावून घर फिरवून दाखवलं. ओसरी, छपराची आतली बाजू, माळा, पलंगाखाली. एकही लांबटांग्या नाही. हवा जरा कोंडल्यासारखी होते, पण सवय होईल.

नोएमी म्हणाली, "तुम्ही खूप कष्ट घेतलेत, तातांग." आणि रडायला लागली. एवढ्याशा कामाचं कुणाला इतकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मलाही बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

एल्मर म्हणाला ते कोस्मेच्या घरी राहायला जातायत. तिथून रस्ता जवळ, ऐन वेळी गाडी दारात येते. हे खरं आहे. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चढ आहे आणि पावसात निसरडं होतं. मला आधी सुचायला हवं होतं.

पलंग मीच एका बाजूने धरला.

९ मार्च

विशेष काही नाही. पहाटे रेडिओ लावला आणि बंद केला. पुन्हा लावला.

२७ मार्च

घरात मेलेल्या पतंगांचा खच पडतो. एवढी वर्षं ते कुठे जात होते, याचा कधी विचार केला नव्हता. लांबटांगे खात असणार.

२१ एप्रिल, सोमवार

परवा मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. नोएमीची आई बाकुनहून आली होती, ती आज परत गेली. मी काळी कोंबडी आणि मिठात वाळवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन गेलो.

दार उघडं होतं. आत गेलो. नोएमी पलंगावर बसून होती, बाळ शेजारी. पलंगाच्या वर, भिंत आणि छप्पर मिळतं तिथे, लांबटांग्यांचा टोपीएवढा पुंजका होता. मी खराटा शोधायला वळलो, तेवढ्यात त्यातला एक सुटून बाळाच्या दुपट्यावर पडला. मी ओरडणार होतो. नोएमीने त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. दोन बोटांत अलगद धरून उचलला, "जा बाबा, वर जा," म्हणाली आणि भिंतीला लावून दिला. तो तुरुतुरु वर गेला.

मग तिने मला पाहिलं.

बाळ जांभई देत होतं.

"तातांग, जेवून जाता?" ती म्हणाली.

मी म्हणालो, कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिलेत. कोंबडी तिथेच ठेवली आणि आलो.

नाव अजून ठेवलेलं नाही. नाक लुसियाचं आहे.

२९ एप्रिल

मनांगकडे गेलो. ती शेंगा सोलत होती. म्हटलं, "बाळंत झाल्यावर भीती आपोआप जाते का गं?"

"कसली भीती?"

"लांबटांग्यांची."

तिने सोलायचं थांबवलं नाही. "कॅलिक्स्तो, त्या पोरीच्या खोलीत शिरताना तू दारावर टकटक करायचास का?"

"माझ्याच घरात?"

"हं," ती म्हणाली.

"आणि दार तर काढलेलं होतं."

"हं," ती पुन्हा म्हणाली आणि सालं माझ्याकडे सरकवली. "ही कोंबड्यांना ने."

घरी आल्यावर कोंबड्यांना सालं टाकली. मग ओसरीवर बसून राहिलो. छप्पर अगदी स्वच्छ दिसत होतं.

१२ जून

आठवडाभर पाऊस. कोस्मेच्या घराच्या वरच्या उतारावर सहज चढून गेलो. सहज म्हणजे सवयीने. वरच्या कोबीच्या मळ्याच्या कडेला भेग पडलीय. हात जातो. पाइनची झाडं बुंध्याशी वाकलीत, म्हणजे जमीन बरेच दिवस सरकतेय. खाली घराच्या मागे पूर्वी झरा नव्हता, आता आहे, आणि पाणी गढूळ आहे.

असे उतार मी आयुष्यभर पाहिलेत. हा येणार.

१३ जून

दोघांना सांगायला गेलो. बाहेरून हाक मारली आणि बोलावल्यावर आत गेलो.

सगळं सांगितलं. भेग, झाडं, झरा. एल्मर भाताकडे बघत होता.

"मग काय करायचं म्हणता?" नोएमीने विचारलं.

"आपल्या घरी चला. आजच."

ती बाळाला थोपटत होती. आवाज चढवला नाही. "तातांग, आम्ही इथे बरे आहोत. मनात असेल ते सरळ सांगा, कारणं नका सांगू."

"हे कारण नाही. दरड आहे."

"आम्ही लांबटांगे म्हणालो होतो," ती म्हणाली. "तुम्ही दरड म्हणताय."

एल्मर म्हणाला, "नोएमी."

"राहू दे एल्मर. त्यांना माहीत आहे. त्यांनी पाहिलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही वाईट नाही, तातांग. पण त्या घरात मला श्वास घेता येत नव्हता. फटी बुजवायच्या आधीपासून."

रस्त्यावर माझ्या हाताखाली माणसं होती, त्यांतलं कोणी असं बोललं नव्हतं. आता वाटतं, बोलायची सोय नव्हती.

बाहेर येऊन झऱ्याचं पाणी पुन्हा पाहिलं. कालच्यापेक्षा जास्त होतं.

१४ जून

गावच्या मुखियाला सांगितलं. तो म्हणाला, पावसाळा संपला की बघू. कोस्मे म्हणाला, "कपातास, हे घर माझ्या आजाने बांधलंय. त्या उताराला पडायचं असतं तर तेव्हाच पडला असता." झोप नाही. डोळे मिटले की तो पलंग दिसतो. पलंग डोंगराकडच्या भिंतीलाच लावलाय.

ती माझं ऐकणार नाही. मी खरं बोलतोय तरी नाही. तिच्या जागी मीही ऐकलं नसतं.

१५ जून, रविवार

सकाळी चटई, रेडिओ, दोन शर्ट आणि फावडं घेऊन मनांगकडे गेलो. म्हटलं, "मी इथे राहायला आलोय."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"फावडं बाहेर ठेव," ती म्हणाली.

मग प्रार्थना सुटल्यावर वळणावर गेलो आणि एल्मरच्या हातात घराची चावी दिली. नोएमीला म्हणालो, "मी मनांगकडे राहतोय. घर रिकामं आहे. मी तिथे नाही आणि येणारही नाही. तुम्ही तिथे राहा, नाहीतर बाकुनला जा. कुठेही जा, पण या भिंतीखाली झोपू नका."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वर उताराकडे बघितलं. पहिल्यांदाच, असं मला वाटलं.

"तुम्ही खरंच घर सोडलंत?"

"हो. भांडी घासायची राहिलीत."

ती आत गेली आणि बाळाचे कपडे गोळा करायला लागली. पलंगाची दुसरी बाजू मी धरायला गेलो तर एल्मर म्हणाला, "राहू दे तातांग, पलंग नंतर आणू." मीही म्हटलं, पलंग राहू दे.

२३ जून

दरड आली नाही. बरं आहे.

१ जुलै

दरड नाही. दुकानात कोस्मे चारचौघांत म्हणाला, "कपातास, तुमची दरड रजेवर गेली का? अर्ज दिला होता तिने?" सगळे हसले. मीही हसलो. मनांगकडे परतताना वर चढून भेग पाहिली. आता पाय जातो.

दरड यावी असं मला वाटत नाही. पण रोज सकाळी ती आली नसल्याचं कळतं तेव्हा जे वाटतं, त्याला काय म्हणायचं ते ठरवता येत नाही.

६ जुलै

मनांगबरोबर राहणं कठीण आहे. उजाडायच्या आत उठून चुलीत फुंकते आणि खोलीभर धूर करते. मी घासलेली ताटली पुन्हा घासते. रताळं सोलताना साल जाड काढतो म्हणून माझ्या हातातली सुरी काढून घेतली. मी कपडे बदलत असताना सरळ आत आली. म्हटलं, "मनांग, आवाज तरी द्यावा."

"का? घर माझं आहे."

तिला सांगून उपयोग नाही. या वयात माणूस बदलत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

दुपारी दरड आली. वादळाचा पाऊस तीन दिवस चालू होता, पण ती आली तेव्हा पाऊस थांबला होता. असंच होतं. मी मनांगच्या अंगणात होतो. आवाज ओळखला आणि धावलो. ते दोघं माझ्या घरात आहेत हे ठाऊक असूनही धावलो.

कोस्मेच्या घराच्या मागच्या भिंतीतून माती आत शिरून खिडकीपर्यंत भरली होती. एक पाइनचं झाड उभंच्या उभं खोलीत आलं होतं. पलंग पुढच्या दारातून अर्धा बाहेर ढकलला गेला होता. घरात कोणी नव्हतं. कोणालाही काही झालं नाही.

कोस्मे टोपी हातात घेऊन उभा होता. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. मग रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलो.

नोएमी बाळाला पाठीशी बांधून आली. खिडकीजवळ जाऊन आत बघितलं, जिथे पलंग असायचा तिकडे. मग माझ्याजवळ येऊन माझ्या रेनकोटची बाही धरली. बराच वेळ सोडली नाही. बाही चिखलाने भरली होती. मी तसं तिला सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली.

२३ जुलै, बुधवार

आज त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. म्हणजे माझ्याच घरी. दारावर टकटक केली. एल्मरने दार उघडून विचित्र नजरेने पाहिलं.

नोएमीने फटींतल्या चिंध्या ओढून काढल्यात. डांबर निघत नव्हतं तिथे सुरीने खरवडलंय. माझं महिनाभराचं काम, पण वारा छान येतो. लांबटांगे ओसरीवर परतलेत. बाळाला माझ्या मांडीवर देऊन नोएमी आत गेली. बाळ छपराकडे टक लावून बघत होतं. मी वर तोंड करून फुंकर मारली. सगळी दाढी नाचली. बाळ हसलं नाही. भुवया वर करून माझ्याकडे बघितलं, जणू हे मी आधी का दाखवलं नाही. मी पुन्हा फुंकर मारली. दम लागेपर्यंत मारत होतो.

नाव ठेवलंय, लुसियाचंच. मी सुचवलं नव्हतं.

जेवताना कोणी काही बोललं नाही आणि मीही नाही. सोपं नव्हतं, कारण भात जरा मऊ झाला होता.

निघताना नोएमी ओसरीपर्यंत आली. "तातांग, आंटी सबिनाकडे धुराने तुमचा खोकला वाढलाय."

"थोडा."

"माळ्याखालची खोली साफ केलीय. तिला आतून कडी आहे. आमच्याही खोलीला एल्मरने आतून कडी लावलीय." ती जरा थांबली. "या आता घरी."

मी म्हणालो, "बघतो."

मनांग जागीच होती. मला बघून म्हणाली, "बोलावलं नाही का तिने?"

"बोलावलं."

"मग परत कशाला आलास?"

"बोलावल्याबरोबर राहिलो तर बरं दिसत नाही. माणसाला मान असतो."

"मग कधी जाणार?"

"गुरुवारी जाईन म्हणतो."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "आज वार कुठला?"

"बुधवार," मी म्हणालो, आणि चटई गुंडाळायला घेतली.